तुळशीच्या लग्नानंतर तुळस का वाळते? मुंबईच्या हिवाळ्यात कुंड्यांची तपासणी कशी करायची

तुळशीचं लग्न लागलं, आठ-पंधरा दिवस गेले आणि तुळस खालून पिवळी पडायला लागली. जास्वंदीला कळ्या धरतात, पण उमलायच्या आधीच गळून पडतात. मोगरा नुसता उभा आहे. मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीत आणि आसपासच्या इमारतींत दर हिवाळ्यात माझ्याकडे याच तक्रारी येतात, आणि बहुतेकांनी आधीच निकाल लावलेला असतो: थंडीने गेलं.

मुंबईची थंडी ही झाडं मारण्याइतकी कडक नसते. जानेवारीत सांताक्रूझला पहाटेचं तापमान साधारण सोळा-सतरा अंशांच्या आसपास उतरतं आणि दुपारी तिथेच तीस अंश असतात. तिथली आजवरची नीचांकी नोंद ७.४ अंशांची आहे, तीही २२ जानेवारी १९६२ ची. त्यामुळे झाडावर कापड टाकणं, कुंड्या उचलून घरात ठेवणं हे थंड प्रदेशातले उपाय इथे करू नका. त्याने झाडाचं ऊन आणि वारा तेवढा तुटतो.

आपल्याकडे हिवाळ्यात बदलतं ते वेगळंच. सकाळी जमिनीवरून कोरडा वारा येतो. सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि बाल्कनीतलं ऊन सरकतं. पाऊस नसल्यामुळे पानांवर धूळ बसून राहते. दिवस लहान झाल्यामुळे झाडाची वाढ मंदावते आणि ते पाणी कमी पितं. एवढं सगळं बदलतं, फक्त आपला पाण्याचा तांब्या तसाच राहतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेक झाडांचं दुखणं शेवटी मुळांपाशी साचलेल्या ओलाव्यातच निघतं. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने करा. आधी फुकटच्या, मग थोड्या खर्चाच्या, आणि कुंडी उपसण्याचं काम अगदी शेवटी.

लक्षणं

यातलं काय काय दिसतंय ते आधी बघून घ्या, शक्यतो सकाळच्या उजेडात.

तुळस: खालची पानं पिवळी होऊन गळतात, शेंड्यांवर मंजिऱ्यांची गर्दी, पानं लहान आणि वळलेली, पानामागे काळे बारीक ठिपके.

जास्वंद: कळ्या गळतात, कोवळ्या शेंड्यावर पांढरा कापूस बसल्यासारखं दिसतं, खोडावर मुंग्यांची रांग.

कढीपत्ता, लिंबू: नवी पानं फिकट पिवळी, पण शिरा हिरव्या.

अरेका पाम आणि शोभेची पानांची झाडं: टोकं तपकिरी आणि कुरकुरीत.

गुलाब: पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर.

कोणतंही झाड: माती वरून भेगाळलेली, पाणी घातल्याघातल्या तळातून बाहेर. किंवा उलट, पाणी वरच तरंगत राहतं. किंवा माती ओली असूनही झाड मलूल.

शेवटचं लक्षण नीट वाचा. माती ओली आणि झाड मलूल, हे दिसलं की बहुतेक लोक आणखी पाणी घालतात. मुळं कुजलेली असली की झाड ओल्या मातीत उभं राहूनही तहानलेलंच दिसतं, कारण पाणी वर ओढायला मुळंच उरलेली नसतात. तिथे आणखी पाणी म्हणजे झाडाचा शेवट.

पहिली तपासणी: झाड आजारी आहे की विसावलंय?

याला ना पैसा लागतो ना वेळ. काही झाडं हिवाळ्यात थांबतातच. अडेनियम आणि चाफा पानं गाळतात. मोगऱ्याला फुलं येत नाहीत, कढीपत्त्याची नवी फूट थांबते. हा रोग नाही.

खात्री करायची तर एखाद्या फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोडं खाली सरकून पुन्हा खरवडा. हिरवं जिथे लागेल तिथपर्यंत झाड आहे, त्यावरचं गेलं. चाफा आणि अडेनियमच्या बाबतीत खोड बोटांनी दाबून बघा. घट्ट असेल तर निर्धास्त राहा आणि पाणी जवळजवळ बंद करा. पिलपिलीत लागलं तर सरळ शेवटच्या तपासणीकडे जा.

ही तपासणी आधी करायची ती अशासाठी, की विसावलेल्या झाडाला लोक घाबरून खत आणि पाणी देतात. चाफ्याला पानं नसताना पाणी वापरायला कोणी नसतं, ते मुळांपाशीच साचतं. डिसेंबरात अंगावर पान नसलेला पण ठणठणीत चाफा अशा काळजीने फेब्रुवारीपर्यंत कुजलेला मी पाहिला आहे.

दुसरी तपासणी: पाणी

पूजेत जळून उरलेली अगरबत्तीची काडी घ्या. कुंडीच्या कडेजवळ, खोडापासून लांब, ती शक्य तितकी खोल खुपसा. पाच मिनिटं ठेवून बाहेर काढा. काडीला खालपर्यंत ओली माती चिकटली असेल तर आज पाणी नको. वरची दोन बोटं कोरडी आणि खाली जेमतेम ओल असेल तर पाणी द्या. काडी टोकापर्यंत कोरडी निघाली तर आजच भरपूर द्या.

नुसत्या नजरेने हे कळत नाही. कोरड्या वाऱ्यामुळे वरचा अर्धा इंच सकाळीच सुकतो आणि माती फिकट, भेगाळलेली दिसते. खाली चिखल असतो. पावसाळ्यात जड थेंबांनी दाबली गेलेली माती असली तर हा फरक आणखी वाढतो. काडी मिळाली नाही तर कुंडी एका बाजूने जरा उचलून बघा. पाणी घातल्यावर ती किती जड लागते आणि दोन दिवसांनी किती हलकी, हे हाताला एकदा कळलं की पुढे काडीचीही गरज उरत नाही.

वेळापत्रक विचाराल तर दहा इंची कुंडीतल्या तुळशीला डिसेंबर-जानेवारीत साधारण दोन-तीन दिवसांनी एकदा पाणी पुरतं. पण ग्रीलमध्ये वाऱ्याला लटकलेली छोटी कुंडी रोज पाणी मागू शकते आणि आतल्या बाल्कनीतली मोठी कुंडी चार दिवस थांबू शकते. आकड्यापेक्षा काडीवर विश्वास ठेवा. पाणी सकाळी द्या. रात्री पानं आणि माती ओली राहिली की बुरशीला वाव मिळतो.

आता तुळशीबद्दल वेगळं सांगते, कारण सर्वांत जास्त तुळशीच जातात. घरात रोज तुळशीला पाणी घालायची पद्धत असते आणि ती मोडा असं मी कोणालाही सांगत नाही. तांब्याऐवजी पळीने पाणी घाला. पूजा होते आणि माती चिखल होत नाही. लग्नाच्या दिवशी वाहिलेलं दूध, पंचामृत, साखर मातीत राहिलं तर आंबतं, वास येतो, मुंग्या लागतात. लग्न लावून झालं की दुसऱ्या दिवशी वरची इंचभर माती, अक्षता, हळद-कुंकू, फुलं सगळं हलक्या हाताने काढून घ्या आणि ताजी कोरडी माती पसरा. उसाची कांडी मातीत खुपसलेली असेल तर तीही काढा, ती तिथेच कुजते. पणती बुंध्यापासून वीतभर तरी लांब ठेवा. खोडाची एक बाजू काळी पडलेली आणि त्याच बाजूची पानं वाळलेली दिसली, तर तो रोग नाही, पणतीची धग आहे.

याच्या अगदी उलटही होतं. कुंडीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असेल आणि ते एकदा पूर्ण वाळलं, की मग पाणी धरतच नाही. वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेने थेट खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. ताटलीत पाणी आलं म्हणजे झाडाला मिळालं असा समज होतो. अशी कुंडी बादलीतल्या पाण्यात बुडवून अर्धा तास ठेवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. मोठी कुंडी असेल तर अर्ध्या अर्ध्या तासाने थोडं थोडं पाणी तीन-चारदा घाला.

तिसरी तपासणी: भोक आणि ताटली

एक मग पाणी घाला आणि बघत राहा. मिनिटा-दोन मिनिटांत तळातून पाणी झिरपायला हवं. पाणी वर साचून राहिलं तर कुंडी आडवी करा आणि खालच्या भोकातून जुना स्क्रूड्रायव्हर आत घालून फिरवा. पावसाळ्यात गाळ खाली बसून भोक लिंपलं जातं, कधी मुळांचा बोळा तिथे अडकतो. प्लॅस्टिकच्या कुंड्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्या सपाट लादीवर इतक्या चपखल बसतात की भोक असून नसल्यासारखं. लादीचे दोन तुकडे खाली सरकवा. एवढंच करून सुधारलेली झाडं भरपूर आहेत. नर्सरीतून आणलेल्या शोभेच्या कुंडीला भोक पाडलेलंच नसतं, तेही एकदा उलटी करून बघा.

ताटलीत साचलेलं पाणी रोज ओतून टाका. मुळांसाठी तर हवंच, पण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पाऊस संपला म्हणून ताटल्या विसरू नका.

चौथी तपासणी: ऊन कुठे गेलं?

मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या वस्तूची सावली दिसत नाही. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो, दक्षिणेला. याचे दोन परिणाम होतात. उत्तरेकडच्या बाल्कनीत जून महिन्यात सकाळ-संध्याकाळ जे तिरपं ऊन यायचं ते पूर्ण बंद होतं. आणि दक्षिणेला टॉवर उभा असेल तर भर दुपारी त्याची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी लांब पडते. मेमध्ये जिथे ऊन होतं तिथे डिसेंबरात दिवसभर सावली असू शकते. दक्षिणेकडच्या बाल्कनीत मात्र याच दिवसांत ऊन आतपर्यंत येतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला, बाराला आणि तीनला बाल्कनीच्या लादीवर खडूने उन्हाची कड आखा. तुळस, जास्वंद, मोगरा, गुलाब, लिंबू यांना रोज चार तास तरी थेट ऊन हवं, जास्त मिळालं तर उत्तम. ते जिथे मिळतं तिथे कुंडी हलवा. एकदम सावलीतून कडक उन्हात नेऊ नका, तीन-चार दिवसांत थोडं थोडं सरकवा. जास्वंदीला कळ्या धरल्या असतील तेव्हा तर तिला फार हलवूच नका, जागा बदलली की ती कळ्या टाकते. आधी कळ्या गळायचं दुसरं कारण शोधा.

घराला फक्त उत्तरेची बाल्कनी असेल तर तुळशीसाठी दोन महिने गच्चीवर किंवा दक्षिणेकडच्या जिन्याच्या खिडकीत जागा मागा. आमच्या इमारतीत तळमजल्याच्या कट्ट्यावर हिवाळ्यापुरत्या अशा पाहुण्या तुळशी असतात. त्यांना पाणी कोण घालणार, हे मात्र आधी ठरवा. दोन घरांनी मिळून घातलेलं पाणी हे एकाने विसरण्यापेक्षा जास्त घातक ठरतं.

पाचवी तपासणी: पानांवरची धूळ

पानावरून ओलं बोट फिरवा. बोट काळं-राखाडी झालं तर तिथेच थांबून पानं धुवायला घ्या. हिवाळ्यात रात्री-पहाटे जमिनीजवळची थंड हवा वर उठत नाही, त्यामुळे वाहनांचा धूर आणि बांधकामाची धूळ खालीच घुटमळते आणि पावसाअभावी पानांवर चढत जाते. धुळीचा थर पानाला मिळणारा उजेड अडवतो. आधीच ऊन कमी झालेलं असतं, त्यात हे. शिवाय कोरड्या, धुळकट पानांवर लाल कोळी, ही रस शोषणारी बारीक कीड, वाढते.

कोळी आहे का ते ओळखायला पांढरा कागद पानाखाली धरा आणि पान टिचकीने झटका. कागदावर पडलेले टाचणीच्या टोकाएवढे कण चालायला लागले, तर कोळी आहे. नुसती धूळ चालत नाही. पानाची खालची बाजू बारीक जाळ्याने मळकट झालेली दिसेल.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा सकाळी पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा. फवाऱ्याची बाटली चालेल, पण खालच्या बाजूला धार लागलीच पाहिजे, कोळी तिथेच असतो. मोठ्या पानांना ओल्या फडक्याने पुसा. पानाला चमक यावी म्हणून दूध किंवा खोबरेल तेल लावू नका. त्यावर धूळ आणखी चिकटते. कुंडीच्या मातीवर तेव्हा प्लॅस्टिक किंवा जुनं वर्तमानपत्र झाकलं तर धुण्याचं पाणी मुळांत उतरत नाही.

सहावी तपासणी: कीड, आणि तिच्याआधी मुंग्या

जास्वंदीच्या खोडावर मुंग्या दिसल्या की त्यांच्या मागोमाग शेंड्यापर्यंत जा. तिथे पांढरा कापूस सापडेल. तो मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. तो पानांचा रस शोषतो आणि गोड चिकट पाझर सोडतो. मुंग्या त्या पाझरासाठी त्याला राखतात आणि एका फांदीवरून दुसरीकडे नेऊनही ठेवतात. म्हणून मुंग्या शिल्लक ठेवून नुसता मिलीबग पुसला तर तो परत येणारच. मुंबईतले मोठमोठे रेन ट्री गेल्या दशकात ज्या किडीने वाळले, तीही मिलीबगच. कुंडीत दिसला की लगेच हालचाल करा.

कीड थोडी असेल तर कापसाचा बोळा औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये बुडवून एकेक गाठ पुसून काढा. फार भरलेला शेंडा असेल तर तो कापून पिशवीत बांधून फेका, कुंडीत टाकू नका. पसरलेली असेल तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब घालून घुसळा. तेल पाण्यात मिसळावं म्हणून साबण लागतो. आधी एकाच फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी पान भाजलं नाही ना ते बघा. मग ऊन उतरल्यावर पूर्ण झाडावर, पानांच्या खालून आणि फांद्यांच्या बेचक्यांत मारा. सात दिवसांच्या अंतराने तीनदा. पहिल्या फवारणीने मोठी कीड जाते, पण अंडी राहतात आणि आठवड्याभरात नवी पिल्लं दिसतात. एकदा मारून "काही उपयोग झाला नाही" म्हणणारे सगळे इथेच सोडून देतात.

तुळशीच्या पानामागे काळे बारीक ठिपके आणि वळलेली पानं दिसली, तर तिच्यावरचा छोटा जाळीदार पंखांचा ढेकूण आहे. ठिपके म्हणजे त्याची विष्ठा. तुळशीची पानं आपण तोंडात टाकतो, नैवेद्यावर ठेवतो, म्हणून तिच्यावर मी फक्त पाण्याची जोराची धार वापरते, तीन-चार दिवस सलग, आणि फार बिघडलेले शेंडे खुडून टाकते. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

गुलाबाच्या पानांवरचा पांढरा थर म्हणजे भुरी, आणि तिच्यावर उपाय मोकळी हवा. आतल्या बाजूच्या दाटीतल्या काड्या काढा, कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा, भुरी लागलेली पानं काढून टाका.

सातवी तपासणी: मंजिऱ्या, छाटणी आणि खत

तुळस मंजिऱ्यांनी भरली की तिची ताकद बियांकडे जाते. बी पिकलं की तिच्या दृष्टीने काम झालं आणि ती वाळायला लागते. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच, खालच्या पानांच्या जोडीपर्यंत खुडा. तिथून दोन नवे फुटवे येतात. घरात द्वादशीला, रविवारी तुळस तोडत नसतील तर इतर दिवशी करा. खोड पेन्सिलीपेक्षा जाड आणि लाकडी झालं असेल, खालून काही फुटत नसेल, तर ती तुळस म्हातारी झाली आहे. कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षं नीट जगते. तिच्या वाळलेल्या मंजिऱ्या हातावर चोळून बी काढून ठेवा आणि फेब्रुवारीच्या शेवटी नव्या कुंडीत भुरभुरा.

मोगऱ्याची छाटणी जानेवारीत करा. पाणी थोडं तोडा, लांब काड्या एक तृतीयांश कमी करा, महिनाअखेरीस मूठभर गांडूळखत देऊन पाणी वाढवा. मार्चपासून कळ्या दिसतील.

खताच्या बाबतीत माझा नियम पक्का आहे: पाण्याची आणि निचऱ्याची तपासणी झाल्याशिवाय खत नाही. दुखावलेल्या मुळांना खत सोसत नाही. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडत असतील, माती कोरडी-ओली नीट होत असेल, तर पावसाने नत्र धुऊन नेलं आहे. दहा इंची कुंडीला मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड वरच्या मातीत खुरपीने मिसळा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता आहे, पण ती बहुतेकदा मातीत लोह नाही म्हणून नव्हे, तर सतत ओल्या मातीत मुळांना ते घेता येत नाही म्हणून असते. आधी माती वाळू द्या. तीन आठवड्यांनीही नवी पानं तशीच आली तर नर्सरीतून सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण आणा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढंच वापरा.

चहाचा चोथा घालणार असाल तर दूध-साखर पूर्ण धुऊन, वाळवून घाला. नाहीतर मुंग्या, आणि मुंग्यांमागून मिलीबग.

टँकर किंवा बोअरचं पाणी असलेल्या इमारतींत कुंडीच्या कडेवर पांढरी खपली जमते. ते क्षार. अरेकाची टोकं जळायचं ते एक मोठं कारण आहे. खपली खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा महापालिकेच्या नळाचं पाणी कुंडीतून भरपूर वाहू द्या, तळातून निथळेपर्यंत.

आठवी तपासणी: कुंडी उपसणं

वरचं सगळं करून दोन आठवड्यांत फरक नाही, किंवा मातीला गटारासारखा वास येतोय, तरच इथे या. चांगल्या झाडाला हिवाळ्यात उगाच उपसू नका. वाढ मंद असल्यामुळे तुटलेली मुळं भरून यायला वेळ लागतो. मुळांनी कुंडी नुसती भरली असेल तर फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत थांबा. मुळं कुजली असतील तर मात्र महिना बघत बसू नका.

माती किंचित ओलसर असताना कुंडी आडवी करून कडेने थापटा आणि झाड गोळ्यासकट सरकवून काढा. मुळं पांढरी किंवा फिकट पिवळट, ताठ असली तर ती निरोगी. तपकिरी, लिबलिबीत, बोटात धरून ओढलं की वरचं साल निघून आत दोऱ्यासारखा धागा उरतो, ती कुजलेली. ती सगळी स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. जुनी माती झटका, ती पुन्हा वापरू नका. मुळं जितकी कापली त्या मानाने वरच्या फांद्याही कमी करा, उरलेल्या मुळांवर भार पडायला नको.

नव्या भरणीत दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाडी रेती किंवा कोकोपीट. शेतीच्या दुकानात ट्रायकोडर्मा पावडर मिळते, ती मातीत मिसळली तर मुळं कुजवणाऱ्या बुरशीला आळा बसतो. कुंडी मुळांच्या मानाने लहानच घ्या. मोठ्या कुंडीत न वापरली जाणारी माती ओली राहते आणि पुन्हा तेच. एकदा पाणी देऊन आठवडाभर सावलीत ठेवा, मग उन्हाकडे न्या. खत दीड महिना नको.

सोसायटीच्या बागेबद्दल

हिरवळ आणि कडेच्या झुडपांचं दुखणं वेगळं नाही. ठिबकचा किंवा स्प्रिंकलरचा टायमर मे महिन्यात लावलेला तसाच चालू असतो, तो आधी बघा. हिरवळ हिवाळ्यात हळू वाढते, त्यामुळे ती फार खोल कापू नका, थोडी उंच ठेवली तर मुळांवर सावली राहते. पावलांनी दडपलेल्या जागी बागेच्या काट्याने भोकं पाडा. झाडांच्या बुंध्याभोवती लादी किंवा सिमेंट थेट खोडाला भिडलेलं असेल तर कमिटीत विषय काढून ते मोकळं करून घ्या. त्याला हिवाळा हाच योग्य काळ आहे, पावसाळ्यात घाई होते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मातीलगतचं खोड काळं, मऊ आणि आतून पोकळ झालं असेल तर त्या झाडावर खर्च करू नका. वरची हिरवी काडी मिळत असेल तर ती लावा, नाहीतर बी ठेवा.

जमिनीतल्या मोठ्या झाडाच्या खोडावर छत्र्यांसारखी बुरशी, उभी भेग, अचानक कललेपणा किंवा वाळवीचे मातीचे बोगदे दिसले तर स्वतः काही करू नका आणि रस्त्यावरच्या करवतवाल्याकडून फांद्याही उतरवू नका. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार सोसायटीच्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. छाटणीसाठीही वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याकडे अर्ज करा. धोका तातडीचा असेल तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवा.

गच्चीवरच्या कुंड्यांखालून खालच्या घराच्या छताला ओल येत असेल तर तो बागेचा प्रश्न राहिला नाही. कुंड्या हलवा आणि वॉटरप्रूफिंग जाणणाऱ्या इंजिनिअरला दाखवा. ग्रील गंजली असेल तर तिच्यातून कुंड्या आजच उतरवा आणि वेल्डरला बोलवा. खाली माणसं चालतात.

कडुनिंबाच्या तेलाच्या तीन फवारण्यांनीही कीड हटत नसेल तर दुकानदाराने हातात दिलेलं शेतातलं कीटकनाशक बाल्कनीत मारू नका. बंद जागा, वाळत घातलेले कपडे, लहान मुलं, पाण्याला येणारी कबुतरं, सगळ्यांपर्यंत ते पोहोचतं. कीड लागलेली फांदी हवाबंद पिशवीत घालून कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी खात्याच्या तज्ज्ञाला दाखवा.

माळ्याला बोलावणार असाल तर त्याआधी तीन फोटो काढून ठेवा: पूर्ण झाड कुंडीसकट, पानाची खालची बाजू, आणि बुंधा जिथे मातीत शिरतो ती जागा. सोबत शेवटचं पाणी आणि शेवटचं खत कधी दिलं ते सांगा. तो येऊन काही न बघता थेट खताची गोणी उघडायला लागला, तर त्याला आधी अगरबत्तीची काडी द्या.